फुंका

स्टोकच्या हॉस्पिटलात, तळमजल्यावर, खिडकी नसलेल्या खोलीत
मी दिवसभर लोकांना फुंकायला सांगते.
नाकाला चिमटा, ओठांत पुठ्ठ्याची नळी,
आणि मी, एरवी हळू बोलणारी,
ओरडते: फुंका, फुंका, अजून, अजून,
थांबू नका, तळातलं काढा!
पडद्यावर रेघ चढते.
मिस्टर टनिक्लिफ यांची रेघ मात्र
पहिल्याच पायरीवर बसते,
पिशव्या घेऊन बाजारातून आल्यासारखी.

पंधराव्या वर्षी लाँगटनच्या कारखान्यात लागले.
काम: भट्टीत जाण्याआधी बशांच्या कडा घासणं.
पांढरी धूळ भुवयांवर, कॉलरच्या आत, डब्यातल्या पावावर.
"पीठच समज," ते म्हणतात. "चव तेवढी नव्हती."

त्या पिठाचा एक कण
श्वासाच्या शेवटच्या बोळात जाऊन बसतो.
आतला पहारेकरी धावत येतो, त्याला गिळतो
आणि मरतो.
कण मरत नाही.
फुटलेल्या पोटातून जसाच्या तसा बाहेर येतो,
धारदार, कोरा.
मग दुसरा पहारेकरी. मग तिसरा.
मरताना जो तो हाक मारून जातो
आणि हाकेला माणसं येत राहतात,
साठ वर्षं येताहेत.
कारखान्याच्या जागी आता सोफ्यांचं दुकान आहे.
त्यांना कुणी कळवलंच नाही.

पुस्तकात याला दाह म्हणतात.
अंबूमावशी नुसतं जळजळतंय म्हणायची.
बार्शीला बोर्डिंगच्या चाळीस मुलांचा स्वयंपाक, ओली लाकडं,
विडीला कधी शिवली नाही, तरी
पन्नाशीत दोन घागरी उचलताना तिसऱ्यांदा टेकायची.
तिची फुंकणी लोखंडाची.
माझी पुठ्ठ्याची, एकदा वापरून फेकायची.
ती पेटावं म्हणून फुंकायची.
मी किती पेटलंय ते बघते.

जानेवारीत टनिक्लिफना कफ झाला, हिरवा.
गोळ्या दिल्या, बरे झाले, घरी गेले.
अठराव्या दिवशी, मांजराला खाऊ घालताना,
डावा हात जड झाला.

श्वासाचे डॉक्टर पहिल्या मजल्यावर,
हृदयाचे चौथ्या,
दोन फायली, दोन रंग, दोन वेगळ्या रांगा.
रक्ताला मजले कळत नाहीत.
खालची हाक ते वर घेऊन गेलं,
दारोदार फिरलं,
आणि एका अरुंद नळीत, जिथे भिंतीवर
जुना थर कसाबसा धरून होता,
तिथे ती ऐकू गेली.

"पण दम लागायचा ना त्यांना?" ईनिड, त्यांची बायको,
हातमोजे घालत-काढत विचारत होती.
"हार्टचं कुणी काही बोललंच नव्हतं."
तिला सांगावंसं वाटलं,
आमच्या भाषेत छाती एकच असते, बाई,
दोघं तिथे भिंतीला भिंत लावून राहतात.
एकाच्या चुलीवर धूर झाला
की दुसऱ्याचे डोळे चुरचुरतात.
हे इंग्रजीत नीट येईना.
मी म्हणाले, चहा आणू?

एप्रिलमध्ये ते परत आले. कोट दोन मापं मोठा वाटत होता.
जिना टाळून लिफ्टने, तरी दारात उभे राहिले
वाक्य अर्धं हातात धरून.
मी खुर्ची दिली. ईनिडसोबत त्यांनाही चहा दिला,
कपाटातला बरा कप काढून.
त्यांनी शेवटचा घोट घेतला,
कप उलटा केला, तळाचा शिक्का वाचला,
इथले सगळेच वाचतात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा.
"आपल्याकडचा नाही."
मग कडेवरून अंगठा फिरवला,
एकदा, पुन्हा एकदा,
एका जागी थांबले.
"घाईत घासलाय गं."

आणि मी सांगायच्या आत
नाकाला चिमटा लावून घेतला.